चालत वाजवलेला अल्बम

आमच्या बँडचे मास्तर क्लॅरनेट वाजवायचे आणि त्यांच्या उजव्या हाताला दुसरं क्लॅरनेट माझं. वडवणीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की लग्नांचा धडाका उडायचा आणि आम्हाला जेवायलाही उसंत नसायची. नवरदेव परण्याला, म्हणजे मिरवणुकीनं मारुतीच्या दर्शनाला, निघाल्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत मास्तरांनी स्वतः बांधलेल्या आठ धुना होत्या. एकही कागदावर नव्हती. लिहून ठेवा म्हटलं की म्हणायचे, "कावून? तू हायस की." मी होतो खरा, पण माझा भरवसा मलाच नव्हता.

मग मास्तरांची छाती बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं, आता फुंकणं बंद. मास्तरांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायरीवरच मला म्हणाले, "एक शेवटचा अल्बम करू. आठीच्या आठी." काकू, म्हणजे मास्तरांच्या घरच्या, शेजारीच उभ्या होत्या. अडवायचं सोडून त्या औषधांच्या चिठ्ठीची घडी घालू लागल्या. मला मात्र दोघांचाही राग आला.

बीडच्या स्टुडिओत मास्तरांना काचेच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. त्यांनी वाजवलं ते अगदी बरोबर आणि अगदी निर्जीव, शाळेत पाढे म्हणून दाखवल्यासारखं. तीनदा तसंच झालं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, छान आलंय. मास्तर तडक उठले. "ह्यात वऱ्हाड कुटं हाय?" सारा जन्म त्यांनी चालतच वाजवलं होतं, पाय हलल्याशिवाय बोटं हलेनात. मीही कधी बसून वाजवलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात आधी उजेड पडेल तर शपथ!

मग कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आम्ही रोज सकाळी जमू लागलो. पुढे रेकॉर्डिंगवाला माईक धरून उलट्या पावलांनी, त्याच्यासमोर मास्तर आणि मी, मागे ढोल-ताशा. बिचारा दोनदा पाठीवर पडला, पण माईक सोडला नाही. मास्तर असे खुलले की मी माझा राग विसरलो. दिवसाला एक धून व्हायची. मग काकू चहा आणायच्या आणि कप देताना मास्तरांच्या तोंडाकडे नाही, छातीकडे बघायच्या.

सात झाल्या. आठवी पाठवणीची, सगळ्यांत लांब, कारण नवरीचा पाय मांडवातून लवकर निघत नाही. अर्ध्यावर मास्तरांचा श्वास संपला. क्लॅरनेट तोंडात, सूर नाही, नुसती हवा. मी थांबणार तेवढ्यात त्यांनी मला कोपरानं ढोसलं. उरलेली अर्धी मी एकट्यानं ओढली, घाबरत आणि घाईघाईत. ते ओट्यावर बसून मान हलवत होते. पुन्हा घेऊ म्हणालो, तर म्हणाले, "झालं की! वरात थांबत न्हाई." महिन्याभरात ते गेले.

अल्बम लोकांच्या मोबाईलवर गावोगाव फिरला. आष्टीकडच्या एका लग्नात तर डीजे बंद करून आमच्याकडून परण्याची धून मागून घेतली. मला इतका आनंद झाला की मी सातही वाजवल्या. आठवी मात्र टाळली. मास्तरांच्या शेवटच्या कामाला मी ठिगळ लावलं, ही बोच जातच नव्हती. रेकॉर्डिंगवाल्याला म्हणालो, माझा भाग काढून टाक. तो म्हणाला, काकूंना विचारा.

धीर करून गेलो. काकू अंगणात शेंगा फोडत होत्या आणि मोबाईलवर आठवीच चालू होती. मास्तरांचा श्वास तुटतो तिथे त्यांचे हात थांबले. मग माझं क्लॅरनेट सुरू झालं आणि हात पुन्हा शेंगांकडे गेले.

"काकू, इथून पुढचं काढून टाकू. ते मास्तर न्हाईत."

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाल्या. "रोज ऐकते म्या. तिथवर माजाच जीव लई वर-खाली व्हतो. तू वाजवाया लागला की वाटतं, बसले बाबा एकदाचे. दम खाऊ दे त्येन्ला. तू वाजीव."

परवा उमापूरच्या लग्नात पाठवणीची धून मी पूर्ण वाजवली, अजिबात घाई न करता.