देवळातला पाना

कापणी उरकलेल्या मळ्यात दवावर ऊन चढू लागलं की पेंढ्याचा एक गोडसर, किंचित आंबूस वास उठतो. यंदाच्या कार्तिकात त्या वासात डिझेलचा उग्र दर्प मिसळला होता, कारण गावच्या मळ्यात विहीर खणायला जेसीबी आला होता. कमरेएवढ्या खोल गाळातून त्याच्या पंज्याने एक लोखंडी पाना वर काढला. हातभर लांब, चपटा, दोन्ही टोकांना जबडे आणि दांड्याच्या कडेला इंचांच्या खुणा. चौथ्या इंचावर कानशीने पाडलेली खाच होती, आणि ती माझ्या वडिलांच्या हातची होती.

फार वर्षांपूर्वी गावकीने एक जुना, राखाडी ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्याच्या पेटीतून हा पाना आला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात ओतलेलं ते लोखंड कसालजवळच्या आमच्या तांबड्या मातीत येऊन रुळलं. ट्रॅक्टर बाबा चालवत. पान्याने नांगराचे नट आवळायचे आणि त्याच्याच खुणांनी नांगराचा तास, म्हणजे चर, किती खोल गेला ते मोजायचं. आमच्या भाताला चार इंच पुरे, म्हणून ती खाच. आई त्याच पान्याने परसातल्या मिरच्यांच्या रोपांतलं अंतर धरायची. हाती फूटपट्टी येईपर्यंत जगातली सगळी मापं त्या लोखंडातच राहतात, असं मला वाटायचं.

मग एका वर्षी चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मळ्यात रुतला, साऱ्या गावाने तो ओढून काढला, आणि संध्याकाळी पेटीत पाना नव्हता. हरवला म्हणायला कोणाच्या बापाचं काय जात होतं? पण नाही. रेडीकडच्या कुठल्या गॅरेजात विकला असणार, असं कोणीतरी बोललं आणि ते गावभर झालं. शेवटी देवळात कौल लावला. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला विचारायचं आणि आधी कोणती पडते ते बघायचं. उजवी पडली तर निर्दोष, डावी पडली तर दोषी. डावी पडली. बाबा चोर ठरले, ट्रॅक्टर हातचा गेला, आणि तेव्हापासून आजवर ते दुसऱ्यांच्या काजूबागांत राबत आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर मुळात चोरच नव्हता! लग्नघरात भांडी मोजताना आई जवळ आली की बायकांचे आवाज खाली जायचे. त्या खालच्या आवाजांत मी लहानाची मोठी झाले.

म्हणून पाना निघाल्याचं कळताच ओरोसच्या कचेरीतून रजा टाकून मी धावत आले. वाटलं, आता सुटलो. बघते तर पाना देवळात, शेंदूर फासलेला, वर अबोलीचा वळेसर, म्हणजे दाट गुंफलेला गजरा.

"देवान परत दिल्यान," मानकरी आबा भक्तिभावाने म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आबा, ट्रॅक्टर रुतलो थंयच पानो गावलो. मगे बाबांनी चोरल्यानी कधी?"

"कौल खोटो कसो म्हणाचो गो? देव काय चुकता?"

देव चुकत नाही, मलाही मान्य आहे. पण पाकळी वाऱ्याने पडते, पाणी सुकलं तरी पडते, आणि तिचा अर्थ लावणारी माणसं तर उभ्या उभ्या पडतात. देवाची अब्रू राखायला माझ्या बापाची अब्रू आणखी किती वर्षं गाडून ठेवायची?

तिन्हीसांजेला गाऱ्हाणं झालं. मानकऱ्याने देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक बोलाला गावाने होकार भरायचा, ही आमच्याकडची रीत. धुपाच्या धुरात आबांचा आवाज घुमला, "हरवलेलो पानो तू परत दिलंस रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी ओठ घट्ट मिटले. मागे खांबापाशी उभ्या असलेल्या बाबांनीही होकार भरला नाही. आबा नारळाला हात घालणार, तोच बाबा गर्दीतून पुढे झाले आणि हात जोडून त्याच सुरात बोलू लागले.

"बा देवा म्हाराजा, पानो चिखलात हुतो. ह्या तुझ्या लेकरान तो चोरूक नाय. आज ह्या गावाक कळांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. त्यात आबांचाही आवाज होता. मी तो ओळखला. मग मात्र कोणी कोणाकडे बघेना.

"आयकलंस मां गो?" पायऱ्या उतरताना बाबांनी विचारलं.

गावाने ते उमजून म्हटलं की नुसत्या सवयीने, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि माझा रागही गेलेला नाही. "व्हय, आयकलंय," एवढंच मी म्हणाले.