हजार मीटरवरची दोस्ती

दोन हजार नऊच्या जानेवारीत स्टुटगार्टमध्ये लोक थंडीबद्दल कमी आणि मंदीबद्दल जास्त बोलत होते. माझ्या धाकट्या बहिणीचे, शुभदाचे, यजमान माधवराव तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्यांचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला. कंत्राट वाढलं नाही, तर चंबूगबाळं आवरून पुणे. नेमकी तेव्हाच त्यांच्या विभागाची स्की-सहल निघाली. नातेवाइकांना मुभा होती.

"दादा, तुम्ही चलाच," माधवराव म्हणाले. "साहेब येणार आहेत. एकटा गेलो तर नुसता हसत बसेन."

मी संस्कृत शिकलेला बातमीदार. बर्फाच्या डोंगरांशी माझा संबंध काव्यातल्या हिमालयापुरता. तरी गेलो.

शनिवारी पहाटे साडेपाचला बस. आल्गॉयच्या डोंगरांपर्यंत तीन तास, सुट्टीची गर्दी लागली तर चार. जाणाऱ्यांनी फळ्या आणि बूट गावातच भाड्यानं घ्यावेत, दिवसाला पंचवीसेक युरो. लिफ्टचा पास वेगळा आणि महाग. बूट म्हणजे दोन्ही पायांना स्वतंत्र प्लास्टर. त्यात चालणारा प्रत्येक माणूस समान विनोदी दिसतो, ही त्यांची एकमेव लोकशाही.

वर जाताना लिफ्टच्या पाळण्यात साहेब, हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रेनर समोरच होते. पाच वर्षांत त्यांनी माधवरावांना 'हेर कुलकर्णी' याशिवाय हाक मारली नव्हती. पाळणा ढगात शिरला तसे म्हणाले, "हजार मीटरच्या वर आडनावं नाहीत हं. डोंगराचा नियम!" सगळे हसले. आम्हीही हसलो, फारसा विचार न करता.

स्कीच्या गावातलं नाइट-लाइफ दुपारी चारला सुरू होतं, हे आधी कोणी सांगत नाही. उतारावरच्या लाकडी हटमध्ये माणसं बुटांसकट बाकांवर चढून नाचतात. बाहेर काळोख, आत ओल्या लोकरीचा वास, आणि प्रत्येकाला पाठ असलेली गाणी. शाकाहारी मंडळींनी केझेश्पेट्झले मागवावं: चीजमध्ये लोळवलेल्या शेवया, वर तळलेला कांदा. शुभदानं दिलेल्या दशम्या मी टेबलाखाली खाल्ल्या, सदाचाराला जागून.

सहाच्या सुमारास हेर ब्रेनर दोन ग्लास घेऊन आले. माधवरावांच्या कोपरात स्वतःचं कोपर अडकवलं, डोळ्यांत डोळे घालून दोघं एका दमात प्याले. "मी वोल्फगांग," साहेब म्हणाले.

"मी माधव," आमचे माधवराव म्हणाले, आणि डोळे पुसले. धूर फार होता, म्हणे.

साहेब दुसऱ्या टेबलाकडे वळताच त्यांनी माझा दंड धरला. "दादा, हे नुसतं पिणं नाही ना? याला ब्रुडरशाफ्ट म्हणतात. भाऊ केलं त्यांनी मला."

मी जर्मनीत पंधरा वर्षं काढलेली. सावध बोलायला हवं होतं. पण गरम वाइनचा तिसरा पेला होता आणि व्याख्यान द्यायची सवय जुनी. "आपल्याकडे सात पावलांत जन्माची गाठ बसते," मी म्हणालो. "इथे तर कोपरात कोपर अडकलंय. माधवराव, भावाला कोणी कामावरून काढत नाही."

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. माझी भाची ईरा सात वर्षांची, जन्म स्टुटगार्टचा. पुण्याला जायचं म्हणून आठवडाभर कोणाशी बोलत नव्हती. स्पीकरवर तिचा आवाज आला: "एष्ट, बाबा? वीर ब्लाइबन?" खरंच? आपण राहतोय?

"राहतोय गं," माधवराव म्हणाले. मागे शुभदा रडत होती, की हसत, कळलं नाही.

रविवारी परतीचा प्रवास. बस दरीत उतरली. हेर ब्रेनर मागून आले आणि सीटखाली पडलेला हातमोजा उचलून म्हणाले, "हा तुमचा का, हेर कुलकर्णी?"

माधवरावांनी आभार मानले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मला मात्र ते 'हेर' खटकलं. डोंगराचा नियम डोंगरावर राहिला होता. मी स्वतःची समजूत घातली: नुसती सवय असेल, उगाच रविवार का नासवा. उरलेले दोन तास झोपल्याचं सोंग केलं.

मंगळवारी पत्र मिळालं. कंत्राट वाढवता येत नाही, कळवण्यास खेद होतो. सही ब्रेनर यांची. तारीख गुरुवारची, म्हणजे सहलीच्या दोन दिवस आधीची. पत्र आधीच तयार होतं. तरी त्यांनी कोपर अडकवलं. निरोप म्हणून असेल, किंवा लाज वाटली म्हणून. माणूस वाईट नव्हता, एवढं मी आजही म्हणेन, आणि त्यानं काहीच सोपं होत नाही.

आल्गॉयला जरूर जा. बर्फ सुरेख आहे, शेवया पोटभर आहेत. मला मात्र त्या सहलीतून उरली आहे ती बुधवारची संध्याकाळ, शुभदाचं स्वयंपाकघर. ती चहा गाळत होती.

"दादा, तू होतास ना तिथे? तुला काहीच कळलं नाही?"

"बसमध्ये कळलं होतं," मी म्हणालो.

तिचा हात थांबला नाही. "मग रविवारीच सांगायचंस. सोमवारी ईरानं वर्गात सगळ्यांना सांगितलं रे. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या."