नाल्याअलीकडची घंटी

अर्जदार : मी, वासुदेव, वय त्रेपन्न, तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. गैरअर्जदार : पाऊस. घटनेचा दिवस : आषाढाचा शेवटचा रविवार. घटनास्थळ : दिघोरीच्या अलीकडचा नाला. साक्षीदार : शेतात धानाची रोवणी करणारी रुखमाबाई, तसेच माझे थोरले बंधू शामराव, म्हणजे आमचे दादा, ज्यांची वाचा अर्धांगवायूने हरपल्यामुळे त्यांचा जबाब घेता येत नाही.

दादांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून माझे आठवीपर्यंतचे, म्हणजे सारेच, शिक्षण झाले. म्हणून विद्या म्हटली की मला आजही त्यांच्या घामेजल्या सदऱ्याचा आणि चेनीच्या तेलाचा गंध येतो. भंडाऱ्याहून निघणारी दोनशे किलोमीटरची सायकलफेरी दिघोरीतल्या त्यांच्या ओट्यासमोरून जाणार, हे कळताच मी या वयात नाव नोंदवले. त्यांना सांगितले तेव्हा त्यांचा डावा अंगठा घंटी दाबल्यागत हलला. त्यांच्या गंजलेल्या सायकलची घंटी काढून मी माझ्या हँडलला बसवली. पदकाचा मोह मला नव्हता असे नाही. परंतु त्या ओट्यासमोर ती घंटी एकदा वाजावी, यासाठी मी निघालो होतो.

पवनीपर्यंत पाऊस सोबती होता, पुढे वैरी झाला. गोसीखुर्द धरणाकडून येणाऱ्या वाऱ्याला गाळाचा उग्र दर्प होता, आभाळ राखेसारखे खाली आले होते, आणि धानाच्या बांध्या कोणत्या, रस्ता कोणता, हा भेदच त्या करड्या उजेडात विरघळून गेला होता. दिघोरीचा नाला रपट्यावरून, म्हणजे त्या बुटक्या पुलावरून, लोटत होता. आयोजकांच्या गाडीने फेरी रद्द झाल्याचे सांगितले. मी गाडीत बसण्यास नकार दिला. कारण पलीकडे, पावसाच्या पडद्याआड, दादांच्या ओट्यावर एक काळी छत्री दिसत होती.

मी सायकलसह पाण्यात उतरलो. गुडघे, मग मांड्या. मागून कोणीतरी कॅरियर धरून ओढले. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली रुखमाबाई होती.

“काहून जीव देऊन राहिले, भाऊ?”

“थो छत्रीवाला माहा भाऊ होय, बाई!”

“मंग भावाले जित्तेच भेटा ना! का मढं पाठवता त्याच्या दारी?”

जन्मभर इतरांची दुःखे शुद्ध भाषेत मांडणारा मी सायकल मागे ओढत पाण्याबाहेर आलो. काठावर उभा राहून मी घंटी वाजवत राहिलो. पावसाच्या त्या अखंड गर्जनेत ती माझी मलाच ऐकू येईना. अंधारण्यापूर्वी छत्री एकदा हलली. हाताने की वाऱ्याने, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी नाला ओसरला. मी दादांसमोर घंटी वाजवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बराच वेळ नाल्याकडे पाहत राहिले. अंगठा हलला नाही.

सबब विनंती की, रविवारी माझी घंटी पलीकडे पोहोचली किंवा कसे, याचे उत्तर मिळावे. उत्तर नकारार्थी असल्यासही कळवावे. हा अर्ज कोणाच्या नावे करावा, ती जागा मी कोरी सोडली आहे.