काकू गेल्यानंतरची आई

माझं सासर राहुरीत आणि माहेर देवळाली प्रवराजवळ, मळ्यात. स्कुटीवर फार लांब नाही, म्हणून काकू गेल्या तेव्हा नातेवाइकांत सगळ्यांत आधी मीच पोचले. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या, पण खुरपायला, बाजाराला, दवाखान्यात दोघी जोडीनंच जायच्या. काकू बोलायच्या, आई हसायची.

त्यानंतर आई नुसती बसायला लागली. दारात, ऊन अंगावर येईपर्यंत. कालवणात मीठ राहायचं, दूध उतू जायचं. दुःखात आहे, सावरेल, असं आम्ही म्हणत राहिलो. मग एकदा तिनं मला विचारलं, "शाळा सुटली का तुझी?" माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. आईनं पेन हातातही घेतलं नाही. "मला न्हाई येत. कशाला इचारता?"

डॉक्टरीणबाईंनी अण्णांना, माझ्या वडलांना, आणि मला बाजूला घेतलं. "उतारवयात मन फार खचलं की डोकंही साथ सोडतं. मन सावरलं तर आठवण बरीचशी परत येते. पण कधीकधी विसरण्याचा आजारच आधी उदासी होऊन येतो. यांचं नक्की काय, ते आत्ता सांगता येणार नाही. आधी उदासीवर औषध देऊ."

अण्णा उभ्या आयुष्यात आईच्या बरोबरीनं चालले नव्हते, ती कायम चार पावलं मागं. आता ते तिचा हात धरून रोज संध्याकाळी पाटाच्या कडेनं फिरायला लागले. लोक हसायचे. अण्णांनी लक्ष दिलं नाही.

दिवाळीत वहिनी शेव तळत होती. आईनं तिच्या हातातला झारा काढून घेतला. "तेल तापू दे की आधी!" वहिनीनं माझ्याकडं बघून डोळे पुसले. राहुरीत मी सगळ्यांना सांगत सुटले, आई बरी झाली म्हणून.

ऊसतोड संपत आली तेव्हा एक दिवस आई गोठ्यात म्हणून गेली ती शेजारच्या उभ्या उसात सापडली. सरीत बसली होती. घर कोणत्या बाजूला, ते तिला सांगता येईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली दुसरी शक्यता खरी ठरली होती.

हळूहळू काकूही तिच्या डोक्यातून गेल्या. मी मोबाईलवर फोटो दाखवला. "बाई चांगली हाय. कुनाची?" वाटलं, चला, निदान दुःख तरी सुटलं. पण तसं झालं नाही. माणूस गेलं आणि दुःख तेवढं राहिलं.

परवा गेले तर डोळे भरलेले. "आपलं कोन गेलंय गं?"

"कुणी नाही, आई."

"न्हाई, गेलंय कुनीतरी. मला कुनी सांगत न्हाई."

अण्णा जवळ येऊन बसले. "तुझी जाऊ गेली."

आईनं नीट ऐकून घेतलं. "चांगली हुती का?"

"लई चांगली."

"मग वाईट वाटायचंच," आई म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. मी चहा टाकायला आत गेले, आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले.