मामींसाठी दवाखाना बघणे

फेब्रुवारीतला चौथा रविवार, सकाळी दहा. ठिकाण, ह्यांच्या मामांचं घर. हजर: मामा, मामी, हे आणि मी. गल्लीतले रिक्षावाले चाचा, चहा संपेपर्यंत. मामांचा पुण्याचा मुलगा फोनवर, आवाज येईल तसा. विषय एकच: मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात करायचं.

बैठक मी बोलावली होती. दिवाळीपासून हा विषय चालू होता आणि मामांवर सोडला असता तर पुढच्या दिवाळीलाही तो चालूच राहिला असता. पण बैठकीत काय झालं हे सांगायचं तर आधी मामा सांगायला हवेत. स्वतः एक दिवसही अंथरुणावर न पडता दवाखान्यांची इतकी माहिती असलेला माणूस सोलापुरापासून पार माळशिरसपर्यंत शोधला तरी दुसरा सापडणार नाही. कुठल्या दवाखान्याची लिफ्ट मधेच थांबते, कुठली नर्स सुई टोचताना गोड बोलते, कुठल्या कँटीनचे पोहे दुपारी बारालाही मऊ असतात, हे मामांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे. ही विद्या त्यांनी म्हातारपणी कमावली आणि तिचं मूळ त्यांच्या जुन्या उद्योगात आहे.

मामांनी उभं आयुष्य नवी पेठेतल्या एका दुकानात गादीवर बसून साड्या दाखवल्या. साड्या दाखवता दाखवता लग्नं जुळवली. थोरलीच्या लग्नाची खरेदी चालू असायची, मामा पदर उलगडता उलगडता सहज विचारायचे, "धाकटीचं काय मग?" आणि बायकांनी रंग पसंत करेपर्यंत धाकटीचं शिक्षण, उंची आणि अपेक्षा मामांच्या डोक्यात जाऊन बसलेल्या असायच्या. यात एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. फक्त पहिल्या पंगतीत पान मांडलेलं असावं एवढाच हट्ट. आणि एक नियम. तो ते अजूनही ऐकवतात: "पोरीला स्वयंपाकघरात एकटीला गाठून विचारल्याबिगर मी कुणाचा नारळ फोडू दिला न्हाय, सूनबाई. बाप कितीबी मोठा असू दे."

दुकान सुटलं तेव्हा हातात पेन्शन नव्हती. विम्याची चौकशी केली तर या वयात हप्ता परवडेना, आणि मामींच्या साखरेचं नाव काढलं की समोरचा माणूस घाईघाईनं पाणी मागायचा. अशात सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड मिळणार अशी बातमी आली. मामा तेव्हा सत्तरी ओलांडून बरेच पुढे आले होते, मामी नुकत्याच ओलांडून आल्या होत्या. दोघांचं आधार घेऊन मी त्यांची कार्डं काढून दिली. मामांनी ती उजेडात धरली आणि एखाद्या स्थळाची माहिती घ्यावी तशा योजनेच्या अटी वाचून घेतल्या. मीच मोठ्यानं वाचत होते, ते एकेका अटीवर मान डोलावत होते.

"उत्पन्नाची अट न्हाय?"

"नाही, मामा."

"आधीचं दुखणं चालतं? साखर, बीपी, सगळं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि कॅशलेस. म्हंजे हुंडा न्हाय." मामांनी दोन्ही कार्डं शर्टाच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, चाळीस वर्षांत असलं स्थळ माझ्याकडं एकदाबी आलं न्हाय."

मला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजूही मांडून ठेवायची सवय आहे. म्हणून मी तीही सांगितली. वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ते दोघांत मिळून, प्रत्येकी नाही. दवाखान्यात भरती झालं तरच. नुसतं डॉक्टरला दाखवून आलो तर त्याची फी, रोजच्या बीपीच्या गोळ्या आणि रिक्षा हे आपल्या खिशातून. खोली स्वतंत्र मिळणार नाही, वॉर्डातच झोपायचं. यादीतल्याच दवाखान्यांत जायचं, आणि यादीतला प्रत्येक दवाखाना प्रत्येक दुखण्यासाठी असेलच असं नाही. सुट्टी झाल्यावर थोड्या दिवसांची औषधं मिळतात, पण घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या बाईचे पैसे आपले. मामा अजिबात खट्टू झाले नाहीत. "बरोबरच हाय की," ते म्हणाले, "लग्नाचा खर्च त्यांचा, संसाराचा आपला." सरकारी योजनेचा इतका चांगला सारांश मी अजून कुठं वाचलेला नाही.

तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी दवाखाना बघण्याचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं. पद्धत तीच जुनी. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालायचा, चाचांची रिक्षा करायची आणि दवाखान्यात न शिरता आधी समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं, कारण घराची खरी माहिती शेजारी देतात. मग बाजूच्या मेडिकलवाल्याशी दोन शब्द. मग आत जाऊन बाकावर तासभर बसणं आणि सुट्टी होऊन निघालेल्या पेशंटच्या नातेवाइकांना जिन्यात गाठणं. "वरून काही मागितलं का हो?" हा प्रश्न ते इतक्या हळू आवाजात विचारतात की माणूस खरं सांगून टाकतो. शेवटी वॉर्डात शिरून रिकाम्या खाटेवरची चादर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाला चादरीतलं कुणी शिकवायला नको. एकदा एका मेट्रनला त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, "बाई, यात सूत निम्मंबी न्हाय. पेशंटला घाम आला तर जाईल कुठं?" तिनं त्यांना तपासणीला आलेले साहेब समजून दुसऱ्या दिवशी वॉर्डभर चादरी बदलल्या, असं मामा सांगतात. मी खात्री केलेली नाही.

कोपऱ्यावरच्या आजोबांच्या हर्नियाच्या वेळची गोष्ट मात्र मी स्वतः बघितली आहे. दवाखाना मामांच्या पसंतीचा होता, आजोबा स्ट्रेचरवर पडलेले होते, आणि काउंटरवरचा माणूस म्हणाला की कार्ड चालेल, पण आधी थोडी अनामत ठेवावी लागेल. मामांनी चष्मा काढला. तो पुसला. परत घातला. आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लग्न मोडलं!" पुढच्या क्षणी त्यांनी आजोबांना उठवून बसवलं, चप्पल पायात सरकवली आणि रिक्षात घातलं. आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं. सात रस्त्याच्या चौकापर्यंत ते बिचारे हळहळत होते, "ऐन वेळेला मोडलं म्हणजे वाईट झालं. पोरगी कुणाची होती?" दुसऱ्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन एक रुपयाही न देता झालं. आता ते मामांच्या आधी जाऊन दुसऱ्यांना सल्ला देतात.

असे हे मामा. पण स्वतःच्या घरातलं काम काही त्यांच्या हातून पुढं सरकेना.

मामी अक्कलकोटकडच्या. चिडल्या की कानडीत येतात, पण चिडायला त्यांना फार वेळ लागतो. गच्चीवर शेंगा वाळत घालणं, शेजारणींबरोबर जिन्यात बसून त्या सोलणं, हे त्यांचं जग. दोन वर्षांपूर्वी गच्ची बंद झाली, मग जिना बंद झाला. दिवाळीला त्यांनी फराळ खुर्चीवर बसून सांगितला आणि आम्ही केला. चकल्या बिघडल्या तरी त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून उजव्या गुडघ्याची वाटी बदलायला सांगितलं. उशीर केला तर चालणंच सुटेल, हेही सांगितलं.

आणि मामा दवाखाने बघत राहिले. एका ठिकाणी डॉक्टर फार तरुण. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर अनुभवी, पण चहाचा कप उचलताना हात हलला. एके ठिकाणी सगळं चांगलं, पण तिथं कार्ड हाडांसाठी चालत नाही, फक्त हृदय आणि किडनीसाठी, तेव्हा ते आपोआप गळलं. एके ठिकाणी खिडकीतून स्मशानाचा रस्ता दिसतो. एका दवाखान्याचं नावच त्यांना आवडलं नाही. दर आठवड्याला रिक्षा निघायची आणि दर आठवड्याला रिकामी परत यायची. चाचासुद्धा कंटाळले. "क्या मामू, येबी नापसंद? अब मेरी रिक्षाके गुडघे जानेकू आए."

इतका वेळ त्यांनी कुठल्याही मुलीच्या लग्नात लावला नव्हता. म्हणून बैठक.

हे म्हणाले, "मामा, आज नक्की करायचंच." मामांनी घसा साफ केला. "स्थळं तशी दोनच उरलीत. पहिलं लांब हाय. दुसरं जवळ हाय, डॉक्टरचा हात चांगला, वरून मागत न्हाईत, ते मी चौघांना विचारून घेतलंय. पन खोली आठ खाटांची. आठ बायकांत हिला झोपवू? हिला गडबड सोसत न्हाय."

"साकु!"

मामी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पुरे झालं म्हणायला त्यांनी कानडी काढली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आजवर किती पोरींना स्वयंपाकघरात नेऊन विचारलंत?" त्या म्हणाल्या. "मला विचारलं का?"

"आता यात काय विचारायचं? दवाखाना हाय तो."

"गुडघा कुणाचा हाय?"

फोनमधून मुलगा म्हणाला, "हॅलो? कुणी काही बोललं का? आवाज गेला होता."

चाचांनी कप खाली ठेवला. "मामी बोल्या," त्यांनी फोनला सांगितलं.

"आठ खाटांचाच पायजे मला," मामी म्हणाल्या. "घरात तुमी एकटेच बोलता. तितं आठ जणी असल्या तर मलाबी जरा बोलायला मिळंल." मग जरा मऊ आवाजात, "शेजारच्या ताईंना बघायला गेले होते की मी तितं. ती कार्डाचं बघणारी पोरगी, कुंभारी गावची. मी भिंतीला धरून उभी होते, तर न सांगता स्टूल आणलं तिनं. कुनाची कोन मी. मला तेच पसंत हाय."

बैठक संपायला मग पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चाचांनी जाताना मामांच्या पाठीवर थाप मारली. मामा चादरीबद्दल काहीतरी म्हणायच्या बेतात होते, पण चहाचे कप उचलून आत गेले.

पुढचं सगळं माझ्या हातातलं होतं, त्यामुळे सरळ झालं. सोमवारी मामींना घेऊन गेले. कुंभारीच्या मुलीनं, तिला तिथं आरोग्यमित्र म्हणतात, आधार आणि कार्ड बघितलं, मामींचा अंगठा घेतला, फोटो घेतला आणि मंजुरीसाठी सगळं वर पाठवलं. मंजुरी आली. रक्त तपासलं, साखर आटोक्यात आहे. रात्री कुणी थांबायचं ते ठरलं. ह्यांनी सुट्टी टाकली. पुण्याचा मुलगा बुधवारी येतोय. घरी आल्यावर व्यायामाला बाई सांगून ठेवली. मामींनी स्वतः एक डबा भरून शेंगाची चटणी बाजूला काढली आहे. आठ जणींना पुरेल एवढी, आणि मी नको म्हटलं तरी ती पिशवीत जाणार आहे. मामी खुशीत आहेत. माहेरी जायचं असल्यासारखं त्यांचं चाललंय.

काल संध्याकाळी मी पिशवी बघायला गेले तर मामा मात्र एकटेच बाहेर पायरीवर बसले होते. मला वाटलं अजून राग आहे. मी म्हटलं, "मामा, तुम्हीच बघितलेला दवाखाना आहे. मामींनी फक्त नारळ फोडला."

"राग न्हाय गं," ते म्हणाले. मग रस्त्याकडं बघत राहिले. "लग्नात कसं असतंय, अक्षता पडल्या की माझं काम संपलं. मग मी जेवायला बसायचो. पोरगी पुढं सुखी होती का न्हाय, ते तिचं नशीब. मी घरी येऊन झोपायचो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, हिला आत नेल्यावर मी काय करू?"

मी पिशवीबद्दल काहीतरी बोलले आणि आत गेले.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी लागतील. माझ्या यादीतल्या बाकी सगळ्या कामांपुढं खूण झाली आहे. ह्यांचं म्हणणं, मामांना चहा आणायला पाठव. पण चहाला किती वेळ लागतो? चाचा म्हणाले, मी रिक्षातून फिरवून आणतो. पण मामा ऑपरेशनच्या दारासमोरून हलणार नाहीत. त्या दोन तासांत मामांना द्यायचं काम तेवढं अजून ठरायचं आहे.