जांभळवस्तीचा पूल आणि साहेबांचं लेटरहेड

रस्त्याकडेला खडीचे ढीग पडतात ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से पडतात. ढीग वाढतो, रस्ता तिथंच! आमदारसाहेबांचे विधानसभेतले प्रश्न मी लिहून देतो. रस्ते, पूल, एसटी हे साहेबांचे जिव्हाळ्याचे विषय. त्यातही जांभळवस्तीच्या ओढ्यावरचा पूल. तो झाल्याशिवाय वस्तीवर एसटी जाणार नाही.

*

साहेब सभागृहात पहिल्यांदा बोलले ते याच वस्तीसाठी. परिणाम लगेच! पूल नाही, पण ओढ्यापलीकडे बसथांबा बांधून मिळाला. छप्पर, बाकडं, साहेबांचा फोटो.

"कसाय थांबा?" साहेबांनी वस्तीवरच्या दगडूभाऊंना विचारलं.

"लई झ्याक, साहेब. शेळ्या दुपारभर हालत न्हाईत!"

*

पुलाचं भूमिपूजन दर निवडणुकीआधी ठरलेलं. कुदळ साहेबांच्या गाडीच्या डिकीतच असते, दांड्याला झेंडूची सुकलेली माळ. तिसऱ्या वेळी त्यांनी कुदळ उचलली आणि दगडूभाऊ म्हणाले, "मागचा खड्डा हाय की अजून. नवा कावून?"

फोटोत सगळे हसताना दिसतात. मीसुद्धा. तो फोटो ऑफिसात नेमका माझ्या खुर्चीमागे लावलाय. बरंच झालं, पाठ करून बसता येतं.

*

बीडहून पुलाची जागा बघायला इंजिनियर आले. साहेबांची गाडी दोघांसकट ओढ्यात रुतली. दगडूभाऊंनी बैल जुंपले. बाहेर दगडूभाऊ कमरेपर्यंत चिखलात, आणि आत काचा लावून साहेब फोनवर, "हो हो, पाहणी चालू आहे!"

गाडी निघाली ती थांबलीच नाही. साहेबांचं दगडूभाऊंना 'बरं येतो' म्हणायचंही राहिलं.

*

मागच्या अधिवेशनात पुलाचा प्रश्न पुन्हा लिहून दिला. मंत्र्यांचं उत्तर आलं, "सदर पुलाचे काम पूर्ण झाले आहे."

मला वाटलं, साहेब आता उसळणार. साहेब उठले. "मंत्रिमहोदयांचे मनःपूर्वक आभार!"

बाहेर आल्यावर मी हळूच म्हणालो, "साहेब, पूल झालेला नाही."

"अहो, मग काय आपल्याच सरकारला खोटं पाडू?"

संध्याकाळी सभागृहातली ती क्लिप, मंत्र्यांच्या उत्तरासकट, गाणं लावून सगळ्या ग्रुपांवर गेली. अंगठेच अंगठे! मी फोन उलटा ठेवला.

*

परवा दगडूभाऊंची रेखा आली. बारावीत आहे. ओढ्याला पाणी आलं आणि तिचा सहामाहीचा पेपर बुडाला. सरांना कारण सांगितलं, तर त्यांनी ती क्लिपच दाखवली. "पूल झालाय. खोटं बोलतेस?" आता पुन्हा पेपरला बसू देत नाहीत.

"साहेब, एक चिठ्ठी द्या. पूल झाला न्हाई, एवढंच लिवा."

साहेबांनी लेटरहेड माझ्याकडे सरकवलं.

"लिहा."

"काय लिहू, साहेब?"

"सदर विद्यार्थिनीची तब्येत त्या दिवशी बरी नव्हती."

रेखानं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला कुठं काय झालतं, साहेब? मी तर दिवसभर वढ्याच्या काठालाच उभी व्हते."