लसीचा बर्फ
मे लागला की सासूबाई माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकतात, ऊन लागू नये म्हणून. आणि त्याचा वास आला की मला आरोग्य केंद्रातली ती पाच-सहा वर्षांपूर्वीची दुपार आठवते. सकाळपासून विजेची लाइन नव्हती आणि डॉक्टर एका बाळंतिणीला घेऊन अँब्युलन्समधून दिग्रसला गेले होते. तेवढ्यात एका काकांनी बायकोला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. वावरात पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, वेचता वेचता ती पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, बोलणं बरळल्यासारखं. मी ओली चादर गुंडाळली, सलाइन लावलं, पण सलाइनची बाटलीच हाताला गरम लागत होती. काका म्हणाले, "सिस्टर, त्या पेटीत बरफ असन ना? लावा ना हिले थोडासा." मी म्हटलं, "काका, तो लसीचा आहे. लाइन नसताना पेटी उघडली तर उद्याच्या लसी खराब होतील." ते लगेच मागे सरले. "मंग राहू द्या. लेकरायचं हाये ते." दुपट्ट्यानं तिला वारा घालत ते पुटपुटत होते, "कांदा तं होता हिच्यापाशी, तरी काहून लागलं ऊन?" तिला झटके यायला लागले तेव्हा कुठे मी पेटी उघडली. काखेत ठेवलेल्या बर्फाच्या पिशव्या वितळायच्या आधीच ती गेली. पदराच्या गाठीतून कांदा खाली पडला, उकडल्यासारखा मऊ. लाइन दुसऱ्या दिवशीही आली नाही; लसी सगळ्या फेकाव्या लागल्या, पेटी उघडली नसती तरी लागल्याच असत्या. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. बाजारात दिसले की तेच आधी हात जोडतात.